चौसष्ट अक्षरांची किल्ली

आमचं घर आणि आमची खानावळ यांच्यात भिंत अशी नव्हतीच. लातूरला क्लासेसच्या मागच्या गल्लीत खाली तीन खोल्या, पुढे पत्र्याचं शेड आणि वर मुलींना भाड्याने दिलेल्या खोल्या, एवढा आमचा पसारा. त्यात गिऱ्हाईक कोण आणि घरचं कोण हे फक्त जेवताना कळायचं, कारण घरच्यांना सगळ्यात शेवटी वाढलं जाई. पहाटे अप्पांची, म्हणजे वडिलांची, पूजा चाले. कपाळावर भस्माचे पट्टे, तळहातावर लिंग, आणि मंत्र म्हणता म्हणता मधेच "वरणाला फोडणी पडली का?" अशी चौकशी. आम्ही मूळचे उदगीरकडचे, म्हणून आईला अव्वा म्हणायची रीत. अव्वा भट्टीसमोर बसून भाकऱ्या थापायची. शंभर-सव्वाशे भाकऱ्या, एकाच तालात, थप थप थप, मधे एकदा फिरवल्याचा सर्र आवाज आणि परत थप थप थप. आता माझी चाळिशी जवळ आली, स्वतःचं घर आहे, घरात भाकरी करायला बाई आहे. पण तो आवाज कानावर आला की मला अजून वाटतं, उठायला उशीर झाला आणि आता बोलणी बसणार.

बोलणी बसवण्याचं खातं अज्जीकडे होतं. अज्जी म्हणजे अप्पांची आई. शेडच्या तोंडाशी लाकडी खुर्चीवर बसून ती अंबाडी निवडायची, शेंगा फोडायची, आणि ताटात अन्न टाकणाऱ्या पोरींना अशी काही बोलायची की पोरी पुढच्या वेळी ताट पुसून ठेवायच्या. "डागदर व्हायलीस आन् वरण गटारात टाकायलीस व्हय गं?" तिच्या बोलण्याला आम्ही सगळे घाबरायचो, अप्पासुद्धा. तरी आजारी पोरीला ताटात मऊ भात आणि वर तुपाची धार हीच अज्जी गुपचूप वाढून द्यायची, हेही सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं मी तिच्यावर जुना राग काढतेय.

अज्जीचं नाव भागीरथी. हे मला बऱ्याच उशिरा कळलं, कारण घरात ते नाव कुणी उच्चारतच नसे. अप्पा तिला आई म्हणत, गल्ली अज्जी म्हणे, आणि अव्वा आत्याबाई. सुनेनं सासूचं नाव तोंडातून काढायचं नाही, ही आमच्याकडची रीत अव्वाने इतकी कडक पाळली होती की प्रवचनात ऐकलेली गोष्ट आम्हाला सांगताना ती भगीरथाचंही नाव घेत नसे. "तो गंगा आणणारा राजा," म्हणायची. आम्ही भावंडं मुद्दाम विचारायचो, "कोणता राजा, अव्वा?" ती म्हणायची, "जा गं, कामं करा." आम्हाला त्यात गंमत वाटायची. त्यातली खरी गोष्ट आम्हाला ठाऊकच नव्हती.

आमच्या घरी वाय-फाय आलं ते वरच्या पोरींमुळे. त्या काळात फोनवर नेट म्हणजे गोगलगाय, आणि प्रत्येक फॉर्म तर ऑनलाइन व्हायला लागलेला. अप्पांनी एका बंद पडलेल्या इन्स्टिट्यूटचे चार जुने कॉम्प्युटर आणले आणि ज्वारीची पोती ठेवायच्या खालच्या खोलीत मांडले. त्या खोलीला ते मोठ्या ऐटीत 'अभ्यासिका' म्हणायचे, पण नाकाला ती शेवटपर्यंत कोठीच राहिली. वायर टाकली तर ती उंदरांनी दोनदा कुरतडली, म्हणून वाय-फाय. मी तेव्हा बारावी झाले होते आणि घरात कॉम्प्युटर कळणारी म्हणून माझी वट होती. मशीन इतकी जुनी की नेहमीची सिस्टीम त्यांच्यावर रांगत चालायची. मी कुणाकडून तरी सीडी आणून सगळ्यांवर लिनक्स चढवलं. दीडशहाणपणाला वय लागतं म्हणतात, ते माझं बरोब्बर आलेलं होतं.

केबलवाले काका राउटर बसवायला आले. नेटवर्कला नाव खानावळीचंच दिलं, नंदी. मग त्यांनी विचारलं, "पासवर्ड काय टाकू? आठ अक्षरं तरी पायजेत." मी उगाच मोठेपणा म्हणून अव्वाला हाक मारली. घरात आलेल्या प्रत्येक वस्तूचं नाव अप्पांनी ठेवलेलं, एक तरी तिनं ठेवावं. अव्वा पिठाचे हात पदराला पुसत आली, काकांकडे बघितलं, आणि मला ओढून आत नेलं.

"माझं नाव ठेव," ती कानात म्हणाली.

"महादेवी?"

"ते न्हाई. माझं."

मला काहीच कळेना. तेव्हा तिनं दाराकडे बघत, ओठसुद्धा नीट न हलवता सांगितलं. माहेरी तिचं नाव भागीरथी होतं. लग्न ठरलं आणि सासूचं नाव तेच निघालं. एका घरात दोन भागीरथ्या कशा चालतील, आणि सून तर ते नाव घेऊच शकणार नाही, म्हणून लग्नात तिला महादेवी केलं. नाव बदलणं तसं सगळ्याच बायकांच्या वाट्याला यायचं, पण बाकीच्यांना जुनं नाव निदान तोंडाने सांगता यायचं. हिला स्वतःचं नाव सांगायचं म्हणजे सासूचं नाव घेणं झालं. माहेरी आई होती तोवर ती भागी म्हणून हाक मारायची. आई गेली आणि ते सरलं. हे सगळं ती अगदी सहज, मीठ किती टाकलं ते सांगावं तसं बोलली. मला मात्र रडू आलं आणि मी ते काकांसमोर नको म्हणून तोंड धुऊन आले. काकांच्या लॅपटॉपवर तो शब्द मी स्वतः टाकला, त्यांना मान वळवायला लावून. अव्वानं माझ्याकडून शब्द घेतला की हे कुणाला कळता कामा नये. मी म्हटलं, "मेले तरी सांगणार न्हाई."

वर्षाच्या आत तो शब्द फुटलाच, आणि फुटला तो माझ्या हातून. त्या लिनक्समध्ये नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड एका फाइलमध्ये लिहून ठेवावा लागे, सरळ वाचता येईल असा. मी ठेवला होता. मी पहिल्या वर्षाला नांदेडला इंजिनीअरिंगला गेले, आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आले असताना वर राहणारी एक मोठी, हुशार पोरगी फाइल उघडून बसली आणि शेडमध्ये जेवायला येता येता सगळ्यांसमोर म्हणाली, "काकू, ही भागीरथी कोण हो? पासवर्डमधी नाव हाय." अव्वाच्या हातात आमटीचा डाव होता. तो तसाच वर राहिला. अज्जी त्या दिवशी नशिबाने अहमदपूरला लेकीकडे गेली होती. मी काहीतरी थाप मारली, कंपनीनेच दिलाय म्हणाले. ती पोरगी त्याच महिन्यात पुण्याला गेली आणि विषय तिथंच राहिला. पण अव्वा त्या दिवशी जेवली नाही. मी म्हटलं, दुसरा शब्द ठेवू. तिनं मान हलवली. "ऱ्हाऊ दे. तेवढी एकच जागा हाय त्याला. पर लपवून ठेव गं नीट."

ते 'लपवून ठेव' मनात घेऊन मी नांदेडला परत आले. कॉलेजात लॅबचे एक सर होते, अंगाने काडी पण शिकवायला बसले की वेळेचं भान नाही. त्यांना विचारलं. त्यांनी फळ्यावर समजावून सांगितलं की मशीनला खरं तर पासवर्ड लागतच नाही, लागते ती पासवर्डपासून बनवलेली किल्ली. नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड एकत्र घ्यायचे, एका ठराविक रीतीने चार हजार शहाण्णव वेळा मळायचे, आणि त्यातून चौसष्ट अक्षरांची किल्ली निघते, आकडे आणि ए पासून एफ पर्यंतची अक्षरं. फाइलमध्ये ती किल्ली लिहिली तरी मशीन जोडलं जातं. नेटवर्कच्या नावाला ते मीठ म्हणायचे. मीठ टाकायचं ते कशासाठी, तर दोन घरांचा पासवर्ड एकच असला तरी किल्ली एक निघू नये म्हणून. "पण हे बघ," ते म्हणाले, "किल्ली कुणी उचलली तर दार उघडेलच. लपतो तो फक्त शब्द." मी म्हटलं, सर, मला शब्दच लपवायचा आहे. त्यांनी कारण विचारलं नाही. चांगल्या मास्तरांना काय विचारू नये ते कळतं.

मी पायथॉनमध्ये दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. ती आधी नेटवर्कचं नाव विचारायची, मग पासवर्ड, आणि पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटू द्यायची नाही. जुनं मशीन क्षणभर घुरघुरायचं आणि चौसष्ट अक्षरं टाकून द्यायचं. पुढच्या सुट्टीत चारही मशीनमधला शब्द पुसून मी किल्ली बसवली. अव्वाला शेजारी बसवून दाखवलं. तिनं त्या अक्षरांच्या माळेकडे बराच वेळ बघितलं.

"ह्याच्यात माझं नाव हाय?"

"हाय. पर कुणालाच काढता येणार न्हाई."

"भाकरी थापल्यावर पीठ परत कुठून यायचं," ती म्हणाली आणि समाधानाने भट्टीकडे गेली. एवढं सोपं उदाहरण आमच्या पुस्तकातही नव्हतं. मी स्वतःवर इतकी खूश होते की सरांनी मिठाबद्दल सांगितलेलं दुसऱ्यांदा मनात घोळवायची मला गरजच वाटली नाही, आणि घरी कुणाला ते सांगायचं तर सुचलंही नाही.

त्या वर्षी वर सविता राहायला आली. इस्लापूरची, किनवटच्या जंगलातली. वडील चार एकर कोरडवाहू करायचे; गावातली बारावी सायन्स झालेली ती पहिलीच मुलगी. बोलायला कमी, आणि भाकरी मोडून आमटीत कुस्करून खायची तिची पद्धत अज्जीला इतकी आवडली की तिला कधीच बोलणी बसली नाहीत. तिला नर्सिंगला जायचं होतं. घरून एक वर्षाची मुदत मिळाली होती. त्यात झालं तर ठीक, नाहीतर पाहुणे बघून ठेवलेलेच होते. नंबर लागेल एवढे मार्क होते, पण एक दाखला अडकला होता. तो आणायला ती नवरात्रात गावी गेली आणि खंडेनवमीला दुपारी लातूरला परतली. पसंतीची कॉलेजं भरायची मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती.

आता खंडेनवमी आमच्याकडे कशी असते ते सांगायला हवं. त्या दिवशी हत्यारं पुजायची आणि त्यांना विश्रांती द्यायची. शिंप्याची मशीन, सुताराची करवत, ट्रॅक्टर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ, आणि दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. त्यामुळे गल्लीतला एकूण एक नेट कॅफे बंद, आत कॉम्प्युटर माळा घालून बसलेले. आमच्या चारही मशीनच्या कपाळावर अप्पांनी भस्माचे पट्टे ओढले होते. शिवाय त्या वर्षी आमच्याकडे आणखी एक सोहळा होता. अप्पांनी कुणाला न सांगता खानावळीची नवी पाटी रंगवून आणली होती. नंदी काढून महादेवी भोजनालय. बायकोच्या हातावर खानावळ चालते, तर नाव तिचंच पाहिजे, असं त्यांनी पाटी लावताना पाचपंचवीस माणसांत सांगितलं. अप्पांच्या जिभेवर कौतुक सहसा यायचं नाही, म्हणून मला ते आजही मोठं वाटतं. आणि पाटीसोबत सगळंच नवं पाहिजे म्हणून प्रसादाला आलेल्या केबलवाल्या काकांकडून त्यांनी नेटवर्कचं नावही बदलून घेतलं. नंदी पुसून महादेवी. पासवर्डला हात लावला नाही. सून घरात आली की नाव बदलतं, माणूस तेच राहतं. अप्पांच्या हिशेबाने यात बिघडण्यासारखं काय होतं? मग काका सुट्टीला गावी गेले, फोन बंद करून, आणि अप्पा बहिणीकडे अहमदपूरला.

मी नांदेडला होस्टेलवर जर्नल पुरं करत बसले होते, दसऱ्याला सकाळी एसटीने घरी जायचं होतं. साडेतीनच्या सुमारास सविताचा फोन आला. "ताई, काकूंनी पाया पडून मशीन लावू दिलं, पण नेटवर्क लागतच नाही. नाव बदललेलं दिसून राहिलं. मी फाइलमधे नवं नाव टाकलं, तरी किल्ली चूक सांगून राहिलंय." मीठ बदललं होतं. शब्द तोच, पण किल्ली आता दुसरी, आणि ती बनवायची तर स्क्रिप्टला शब्द पाहिजे. नांदेडलाही लॅब आणि कॅफे बंद, म्हणजे मला इथून ती काढून देता येत नव्हती. सविता म्हणाली, "मला सांगा ना पासवर्ड, मी टाइप करते." दहा अक्षरं. माझ्या जिभेवर होती. बाईमाणसाच्या आयुष्याचा प्रश्न आहे, सांगून टाक, असं एक मन म्हणत होतं, आणि अव्वाचा वर राहिलेला डाव डोळ्यांपुढे होता. मी म्हटलं, "अव्वाला फोन दे." तिला सगळं सांगितलं. सविताला सांगू का, विचारलं.

"तिला नको," अव्वा म्हणाली. आत्याबाई शेजारच्याच खोलीत शेंगा फोडायलीय हेही हळूच म्हणाली. "मी बडवते. तू सांग कुठं बोट ठेवायचं."

अव्वा मराठी चौथी शिकलेली. इंग्रजी अक्षरं तिनं एसटीवर आणि गॅसच्या टाकीवर पाहिलेली, ओळख कुणाशीच नाही. सविताने स्क्रिप्ट चालू केली, नवं नाव टाकलं आणि ती दाराबाहेर जाऊन उभी राहिली. मी इकडे होस्टेलच्या गच्चीवर फोन कानाला लावून अव्वाला तिचं नाव चित्रांनी सांगायला लागले. दोन पोटं असलेलं अक्षर शोध, एकावर एक. सापडलं. आता शिडी, एकाच पायरीची. सापडली. आता घडवंचीसारखं, वर टोक, मधे दांडी. तिचा श्वास ऐकू येत होता, आणि प्रत्येक अक्षर सापडलं की बारीक "हां". पण पडद्यावर काहीच दिसत नव्हतं, आणि ती प्रत्येक बटण भाकरीला दाब द्यावा तसं दाबून धरत होती; एका दाबात एकच अक्षर सात-आठ वेळा जात असणार. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. किल्ली निघाली, सविताने आत येऊन बसवली, लागली नाही. माझी ती स्क्रिप्ट चुकीच्या शब्दालाही तितक्याच ठामपणे चौसष्ट अक्षरं देत होती. "दाबू नको, अव्वा. नुसती टिचकी मार. कानशिलावर मारतीस तशी." ती हसली. पुन्हा पहिल्यापासून. दोन पोटं. शिडी. घडवंची. वाकडा विळा, आत जीभ असलेला. नुसती काडी. एक पोट आणि एक पाय पुढं टाकलेलं अक्षर. "हां," ती म्हणाली, आणि माझा फोन बंद पडला. सकाळपासून लाइट नव्हती आणि मला बॅटरीकडे बघायचं भान नव्हतं.

मी खाली पळाले. रेक्टरबाई गावी गेलेल्या, मैत्रिणी घरी गेलेल्या, कोपऱ्यावरचं फोनचं दुकान बंद, शटरला माळ. रस्त्यावर एका बाईंचा फोन मागितला तर हातात घेतल्यावर कळलं की सविताचा नंबर मला पाठ नाही, आणि घरच्या फोनवर कुणी उचलेना, कारण तो शेडमध्ये वाजत असणार आणि तिथे चटणीचा मिक्सर चालू असणार. मी त्या अनोळखी बाईंसमोर रडले. लाइट आली तेव्हा सव्वापाच झाले होते. फोन लावायचा मला धीर होईना. स्वतःच्या हुशारीचा इतका राग मला आधी कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही.

पुढचं मला सविताने सांगितलं, आणि ती मीठमसाला लावणारी नाही. फोन बंद पडल्यावर अव्वा तशीच बसून राहिली, एक बोट वर धरून. सविताने पाच-सहा वेळा नंबर लावून बघितला. मग घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "राहू द्या, काकू. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी तुला कोण पाठवायलंय?" अव्वा म्हणाली. तिनं दाराकडे बघितलं. पलीकडून शेंगा फुटल्याचा आवाज येत होता. मग ती खुर्चीवरून उठली. "बस हितं. मी नाव सांगते. तू बडव."

आणि तिनं सांगितलं, पण इतकं हळू की शेजारी बसूनही सविताला काहीच ऐकू येईना. सविता म्हणाली, "काकू, मोठ्यानं सांगा ना." तेव्हा अव्वानं डोळे मिटले आणि भाकरी थापताना गल्लीतल्या बाईला हाक मारावी एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाली, "भागीरथी. भागीरथी नाव हाय माझं."

पलीकडचा शेंगांचा आवाज थांबला.

सविताने टाइप केलं. मशीन घुरघुरलं, किल्ली आली, तिनं ती फाइलमध्ये बसवली आणि नेटवर्क लागलं. "मी मागं वळून नाही पाहिलं, ताई," तिनं मला सांगितलं. "मला फॉर्म भरायचा होता. नुसतं ऐकू येत होतं." भिंतीला धरत कुणी तरी आलं. अज्जी.

"मला कुणी हाक मारली?"

"मी न्हाई मारली, आत्याबाई." अव्वा म्हणाली. "मी माझं नाव सांगत व्हते. पोरीचं काम अडलं व्हतं."

सविताची तीन कॉलेजं भरून झाली. मग तिला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अज्जी बसली असावी.

"पुन्यांदा म्हण," अज्जी म्हणाली.

"चुकलं, आत्याबाई."

"चुकलं म्हणून सांगितलं व्हय मी? पुन्यांदा म्हण. माझा मालक गेला, भाऊ गेले. त्या नावानं मला हाक मारणारं कोण ऱ्हायलंय आता? सगळ्यांची अज्जीच झालेय मी."

अव्वा हुंदके देत होती. तरी तिनं म्हटलं, "भागीरथी."

"ओ," अज्जी म्हणाली.

पाच वाजायला वीस मिनिटं असताना सविताने शेवटचं बटण दाबलं. तिचा पुढे नांदेडलाच नर्सिंगला नंबर लागला, आणि आता ती किनवटच्या बाजूला नोकरीला आहे. अजून मला ताई म्हणते, आणि अव्वाला काकू.

मी दसऱ्याला दुपारी घरी पोचले. रस्ताभर मी अव्वाला काय सांगायचं ते जुळवत होते, माफी कशी मागायची ते. शेडच्या दारात अप्पा नव्या पाटीची माळ सरळ करत होते. अज्जी खुर्चीवर होती. मी तिच्या हातात आपट्याची पानं दिली, पाया पडले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मान मागे वळवून खणखणीत आवाजात हाक मारली, "भागीरथे, लीला आलीय गं. चहा टाक."

अप्पा माळ धरून तसेच थांबले. "आई, स्वतःलाच कामून हाक मारायलीस?"

"तुझ्या बायकोला मारली," अज्जी म्हणाली. "तिचं नाव मालूम न्हाई व्हय तुला?"

अप्पा माझ्याकडे बघायला लागले. आतून भाकरीचा आवाज थांबला आणि अव्वानं ओ दिली.